दिल्या घरी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकूंकडे नवा फ्रिज आला आणि जुना घराबाहेर पडला. टेम्पोत चढवण्याआधी काकूंनी त्याच्या दाराला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "दिल्या घरी सुखी राहा." टेम्पोवाला पोरगा हसला, जिन्यातल्या शेजारणी हसल्या, काकूही हसल्या, पण डोळ्यांना पदर लावायला त्या पाठमोऱ्या झाल्याच. सव्वीस वर्षं घरात वावरलेली वस्तू होती ती.

1998 साली काकांनी वीज मंडळाच्या कर्मचारी पतसंस्थेतून कर्ज काढून तो फ्रिज घेतला होता. एकशे पासष्ट लिटरचा, एका दाराचा, दाराला कुलूपकिल्ली असलेला. मुलाच्या मुंजीचं श्रीखंड त्यात राहिलं, सासूबाईंची इन्सुलिनची बाटली राहिली, मुलगा बंगळूरला गेल्यावर दोन माणसांची उरलीसुरली आमटी राहिली. अलीकडे दाराचं रबर सैल पडलं होतं. काका ते दार गुडघ्याने ढकलून लावत. मोटर सुरू झाली की वर ठेवलेली लोणच्याची बरणी थरथरायची आणि स्वयंपाकघरात पाहुणे असले तर बोलणं थांबवावं लागायचं.

सिंहगड रस्त्यावरच्या दुकानात नव्याच्या बदल्यात जुन्याचे बाराशे रुपये मिळत होते. काकू काउंटरवरच म्हणाल्या, "बाराशेत माझा फ्रिज मी भंगारात घालणार नाही. त्यापेक्षा सुमनला देईन. तिच्या नातवाला गार पाणी तरी मिळेल." विक्रेत्याने मान डोलावली. त्याचे बाराशे वाचले होते.

सुमन काकूंकडे चौदा वर्षं कामाला होती. झाडू-फरशी, भांडी आणि कपडे, अशी तीन कामं. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत तिची एक खोली. तीत ती, मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू. काकूंनी फ्रिजचं सांगितलं तेव्हा ती फरशी पुसत होती. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बरं, काकू."

या "बरं"मध्ये काय काय होतं, ते काकूंना कळलं नाही. चौदा वर्षं जिथे काम केलं त्या घराला "नको" म्हणायची सवय सुमनला नव्हती. शिवाय दिवाळी तोंडावर होती आणि बोनसचं बोलणं व्हायचं होतं. काकूंचा हेतू मात्र खोटा नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. या गोष्टीत वाईट माणूस शोधत बसलात तर वेळ फुकट जाईल.

जुनं देऊन नवं घेण्याची आपल्याकडची रीत फ्रिजच्या कितीतरी आधीची. घरातली तांब्यापितळेची भांडी पिचली, गळायला लागली की ती मोड म्हणून भांड्यांच्या दुकानात वजनावर घालायची आणि वरचे पैसे भरून नवी घ्यायची. मोडीचं पितळ आटवून पुन्हा पितळच व्हायचं. दारावर बोहारीण यायची. काकूंच्या सासूबाई तिच्याशी दुपारभर घासाघीस करून तीन जुनी धोतरं आणि एका विरलेल्या साडीच्या बदल्यात स्टीलचं पातेलं मिळवत, आणि वर झाकणही घेत. त्या व्यवहारात दोघींनाही आपण जिंकलो असं वाटायचं, आणि बहुधा ते खरंही असायचं. घेतलेलं जुनं धोतर बोहारणीच्या घरी जाऊन दर महिन्याला पैसे मागत नसे. पितळी हंडा माळ्यावर वीस वर्षं पडून राहिला तरी कोणाचं काही खात नसे. जुनं देणं हे पुण्याचंच काम, असं आपल्याला वाटतं ते त्या काळापासून. विजेवर चालणाऱ्या वस्तूंचा त्या हिशेबात विचारच नव्हता.

काकूंचा फ्रिज किती खातो हे घरात एका माणसाला ठाऊक होतं. काका वीज मंडळात बिलांच्या विभागात होते. 2005 साली मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हा ते महावितरणमध्ये आले आणि तिथूनच निवृत्त झाले. मीटर वाचणं ही त्यांची नोकरी आणि पुढे खोडही. घरच्या मीटरची नोंद ते एका लांबट वहीत करत. एकदा दोघं नाशिकला लग्नाला गेले, तेव्हा घरातलं सगळं बंद होतं, चालू होता फक्त फ्रिज. निघताना आकडा लिहिला, आल्यावर लिहिला. दोन दिवसांत मीटर पाच युनिटांनी सरकलं होतं. दिवसाला अडीच म्हणजे महिन्याला पंचाहत्तर, वर्षाला नऊशेच्या वर. नव्या फ्रिजच्या दारावर ताऱ्यांची पट्टी होती आणि तिच्यावर वर्षाचा वापर छापलेला होता: दोनशे युनिटांच्या आसपास. जुन्यावर अशी पट्टी नव्हतीच. ताऱ्यांची ती पद्धत आपल्याकडे आली 2006 मध्ये.

म्हणजे सुमनच्या घरी काय जातंय, हे काकांना आकड्यानिशी माहीत होतं. ते बोलले नाहीत. बायकोचा चेहरा बऱ्याच दिवसांनी असा उजळला होता. दान देणाऱ्याच्या हाताला कशाला धरायचं, असं त्यांना वाटलं. आपल्या घरांमधली बरीच नुकसानं याच सभ्यपणातून होतात, असं माझं मत आहे.

टेम्पोचे सहाशे काकू देतील असं सुमनला वाटलं होतं आणि सुमन देईल असं काकूंना. पोरगा जवळच्या माणसाकडून पैसे घेऊन मोकळा झाला, आणि जवळ सुमन होती. टेम्पो वसाहतीच्या तोंडापर्यंतच गेला. पुढे बोळ आणि पायऱ्या. गल्लीतल्या चार पोरांनी दोर बांधून फ्रिज वर चढवला; त्यांना वडापाव आणि चहा झाला. खोलीत त्याला जागा करायला कपड्यांची ट्रंक पलंगाखाली आणि पलंगाखालचा संसार माळ्यावर गेला.

पहिले पंधरा दिवस मात्र ते घर खरोखर सुखात होतं, हेही लिहायला हवं. नातू दर तासाला दार उघडून आतला दिवा लागतो का बघायचा. सुनेने बर्फाचे खडे करून शेजारी वाटले. समोरची बाई दूध ठेवायला येऊ लागली, वरच्या अंगाची एक बाई मुलाच्या औषधाची बाटली. सुमनला गल्लीत थोडा मान आला. इकडे काकूंनी भिशीत फ्रिजची गोष्ट सांगितली आणि एकीने "तुझं मन मोठं गं" म्हटल्यावर ती आणखी एकदा सांगितली.

मग दिवाळी आली. काकू दरवर्षी सुमनला एका पगाराएवढा, म्हणजे साडेतीन हजारांचा बोनस देत. या वर्षी पाकिटात पावणेदोन हजार होते. "फ्रिज दिलाय ना यंदा," काकू सहज म्हणाल्या, आणि चकलीचा डबा तिच्या हातात ठेवला. सुमनने पाकीट कमरेला खोचलं आणि राहिलेली भांडी घासली.

फ्रिजचं पहिलं पुरं बिल नोव्हेंबरमध्ये आलं. सुमनच्या खोलीत एक पंखा, दोन दिवे, टीव्ही आणि कधीमधी मिक्सर. महिन्याला साठ-पासष्ट युनिटं व्हायची आणि बिल पावणेसहाशेच्या घरात यायचं. या वेळी ते तेराशेच्या पुढे होतं. मुलाला वाटलं कोणी तार टाकून वीज चोरतंय. तो दोन रात्री जागून मीटरवर नजर ठेवून बसला. चोर घरात होता, भिंतीला टेकून गुरगुरत होता.

ज्यांना बिल बघायची सवय नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट उलगडून सांगतो. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी चढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, त्यापुढच्या युनिटांचा जवळपास दुप्पट. साठ-पासष्ट युनिटं वापरणारं घर पहिल्या टप्प्यात सुखाने बसलेलं असतं. त्याच्या माथी पंचाहत्तर युनिटं मारली की ते शंभराच्या पलीकडे फेकलं जातं, आणि पलीकडच्या प्रत्येक युनिटाला दामदुप्पट पडतात. काकूंच्या घरी दोन पंख्यांच्या हवेत, गीझरच्या वाफेत आणि ओव्हनमध्ये त्या फ्रिजचं खाणं दडून जात होतं. सुमनच्या खोलीत दडायला जागाच नव्हती.

त्यांनी उपाय केले. रात्री फ्रिज बंद करायचा, सकाळी लावायचा. पण रबर सैल असलेला फ्रिज रात्रीत कोमट होई आणि सकाळी मोटर दुपारपर्यंत धापा टाकत चाले. बिल थोडंच उतरलं आणि दूध मात्र दोनदा नासलं. दुसऱ्यांदा नासलं ते समोरच्या बाईचं होतं. ते भरून द्यावं लागलं, आणि बोलणं ऐकावं लागलं ते वेगळंच.

डिसेंबरात सुमनने काकूंकडे हजार रुपये उचल मागितली. काकूंनी दिली. पण स्वयंपाकघरात काकांना म्हणाल्या, "एवढा फ्रिज दिला, तरी यांचं भागत नाही. द्यावं तेवढं कमीच." काका वर्तमानपत्र वाचत होते, ते त्यांनी आणखी वर धरलं. सुमन गॅलरीत कपडे वाळत घालत होती, आणि गॅलरीचं दार उघडं होतं.

संक्रांतीनंतर सुमनच्या सुनेचं हळदीकुंकू होतं. सुमनने बोलावलं, आणि काकूंना जायची हौस होती. आपला फ्रिज कुठे ठेवलाय, कसा दिसतो, तेही बघायचं होतंच. पायऱ्या चढताना त्या तीनदा थांबल्या. याच पायऱ्यांवरून चार पोरांनी तो वर नेला, हे तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं.

खोली झाडून पुसून लख्ख होती. फ्रिज कोपऱ्यात होता. त्यावर भरतकामाचं कापड, कापडावर गणपती. घरघर नव्हती. काकूंनी कौतुकाने दार उघडलं. आत वरच्या कप्प्यात नातवाची पाटी आणि पुस्तकं, मधल्या फळीवर सुमनच्या दोन चांगल्या साड्या प्लास्टिकमध्ये, खाली तांदळाचा आणि साखरेचा डबा. दाराच्या आतल्या बाजूला अंड्यांच्या खळग्यांमध्ये बांगड्या. दाराचं रबर ओढून काढलेलं होतं आणि कुलपाच्या जागी भोक होतं.

"अगं, हे काय केलंस?" काकूंचा आवाज जरा चढला. बायका गप्प झाल्या.

"घुशी फार झाल्यात इथे, काकू," सुमन म्हणाली. "ट्रंक खाली गेल्यापासून पुस्तकं कुरतडली. यात राहतं सगळं नीट."

"पण रबर? कुलूप?"

"नातू लपाछपीत यात शिरला होता. सुनेनं पाहिलं म्हणून बरं. आतून उघडायला काही नसतं ना याला. त्याच दिवशी पोरानं रबर काढलं आणि कुलूप ठोकून पाडलं. आता दार नुसतं टेकतं."

काकूंच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. त्यांनी आजवर त्या दाराची किल्ली लोण्याच्या भांड्यासाठी जपली होती.

मग त्यांनी फ्रिजच्या मागे पाहिलं. जिथे मोटर असते तिथे मोकळी चौकट होती आणि तांब्याच्या नळीचं कापलेलं टोक. सुमनचा भाचा कात्रजकडे भंगाराच्या दुकानात होता. बिल थकलं तेव्हा तो येऊन कॉम्प्रेसर काढून घेऊन गेला. फ्रिजचा सगळा जीव त्यातच असतो, आत तांब्याची गुंडाळी असते, असं त्याने सांगितलं. सातशे रुपये दिले. ते बिलात गेले. काकूंनी जो फ्रिज भंगारात घालायचा नाही असं ठरवलं होतं, तो निम्मा भंगारातच गेला होता. फक्त त्याआधी तो सुमनच्या घरून जाऊन आला होता, आणि वाटेत तिचे किती गेले ते मोजायला काकांची वहीच हवी.

काकू खाली बसल्या. सुनेने पाणी आणलं, माठातलं. "मला सांगितलं का नाहीस?" काकूंनी विचारलं.

सुमनने सुनेकडे पाहिलं, मग म्हणाली, "रागावणार नसाल तर एक बोलू? खरं म्हणजे नवा मला द्यायला हवा होता आणि जुना तुम्ही ठेवायला हवा होता. तुम्हाला बिल झेपतं."

सून जीभ चावून आत वळली, बाकीच्या बायका मोठ्याने हसल्या. काकूही हसल्या, पण त्यांना जरा वेळ लागला. पायऱ्या उतरताना त्या या वाक्यातली चूक शोधत होत्या, आणि रस्त्यावर येईपर्यंत त्यांना ती सापडली नाही. कमी वीज खाणारी वस्तू महाग असते म्हणून ती ज्याला बिल सहज भरता येतं त्याच्याकडे जाते, आणि जास्त खाणारी स्वस्तात किंवा फुकट मिळते म्हणून ज्याला भरता येत नाही त्याच्याकडे. हे एकट्या काकूंच्या घरचं नाही. दुकानात बदली दिलेल्या कित्येक फ्रिजांचा प्रवासही असाच असतो: रंग मारायचा, गॅस भरायचा आणि कुठल्या तरी वस्तीत पुन्हा विकायचा.

घरी आल्यावर काकूंनी पर्स खुंटीला लावली आणि काकांना विचारलं, "तो फ्रिज किती वीज खायचा?"

"दिवसाला अडीच युनिटं."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"नाशिकच्या लग्नापासून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू इतक्या आनंदात होतीस."

"माझ्या आनंदाचं बिल तिनं भरलं," काकू म्हणाल्या, आणि त्या रात्री त्या काकांशी मुळीच बोलल्या नाहीत. ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं होतं. काकांनी ते मुकाट्याने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी कापलेल्या नळीची गोष्ट ऐकून काकांचं तोंड आणखी उतरलं. नव्वदच्या दशकातल्या आपल्याकडच्या फ्रिजांमध्ये बहुधा सीएफसी कुळातला वायू असे. ओझोनच्या थराला भोकं पाडणारा तो हाच. 1987 च्या माँट्रियल करारात त्याचं उत्पादन आणि वापर कमी करत न्यायचं ठरलं, भारत 1992 मध्ये त्या करारात आला आणि 2010 पासून आपल्याकडे या वायूंचं उत्पादन थांबलं. पण जुन्या फ्रिजांच्या पोटात तो राहिलाच. पोटात असेपर्यंत कोणाला त्रास देत नाही. फ्रिज बंद करून त्याचं कपाट केलं तरी नळ्या गंजल्या की तो हळूहळू झिरपतोच. नळी कापली की मात्र एकदम फुस्स होऊन हवेत जातो, आणि हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जबर. एका घरगुती फ्रिजमध्ये तो असतो शंभर-दीडशे ग्रॅम. म्हणजे ते फुस्स टनभर कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचं. दाराच्या आणि भिंतींच्या आतला पिवळा फोम फुगवायलाही त्या काळी याच कुळातला वायू वापरत. तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम यांना भाव असतो, म्हणून ती कोणीतरी काढून नेतं. फोमला कोणी विचारत नाही; तो नाल्यात जातो नाहीतर जाळला जातो. यात सुमनच्या भाच्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला गॅस गोळा करायचं यंत्र कोणी दिलेलं नाही आणि नळी न कापता तांबं निघत नाही.

गुढीपाडव्याला काकूंचं वॉशिंग मशीन बदलायचं ठरलं. जुनं दोन टबांचं होतं: एकात धुवायचं, मग ओले कपडे उचलून दुसऱ्यात पिळायला घालायचे. पिळायचा टब आता फिरताना अख्खं मशीन न्हाणीघरभर चालवत असे. दुकानात जुन्याचे हजार मिळत होते. या वेळी काकूंनी विचारलं, "हे इथून पुढे कुठे जातं?"

विक्रेता गोंधळला. "आमचा एक माणूस येतो मॅडम, तो उचलतो."

"आणि तो कुठे नेतो?"

हा प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारलेला नव्हता. त्याने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने छताकडे.

मग काकांनी फोन हातात घेतला. 2022 चे ई-कचऱ्याचे नियम 2023 च्या एप्रिलपासून लागू झाले आहेत. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी ही सगळी त्यांत येतात, आणि आपण विकलेल्या मालाच्या प्रमाणात जुना माल नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याकडून मोडून घेण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. कागदावर हे सोपं दिसतं. फोनवर काकांना आधी संगीत ऐकावं लागलं, मग "सर, नवीन खरेदी करायची आहे का?" हा प्रश्न, मग पुन्हा संगीत. पण वीज मंडळात आयुष्य काढलेल्या माणसाला फोन धरून बसण्याची सवय असते. शेवटी तारीख मिळाली. मशीन ते नेणार, पावती देणार आणि साडेपाचशे रुपये देणार.

"म्हणजे साडेचारशेचा तोटा," काकू म्हणाल्या. थोडा वेळ त्या हिशेबाकडे बघत बसल्या. "द्या मग त्यांनाच. पावती नीट बघून घ्या."

पण हे सगळं करण्याआधी, दुकानातही जाण्याआधी, काकूंनी आणखी एक गोष्ट केली होती. सुमन भांडी घासून हात पुसत होती तेव्हा त्या म्हणाल्या, "मशीन नवं घेणार आहोत. जुनं तुला हवंय का? नको असेल तर सरळ नको म्हण. मला राग येणार नाही."

"नको," सुमन म्हणाली. इतक्या पटकन की काकूंना किंचित लागलंच. मग सुमनने फडकं दोरीवर टाकलं आणि विचारलं, "नवं कसलं घेताय? सगळं आपोआप करणारं?"

"हो. कपडे टाकले की पिळूनच बाहेर येतात."

"म्हणजे कपड्यांचं काम माझ्याकडे राहणार नाही."

काकू थांबल्या. कपड्यांचे महिन्याला नऊशे रुपये होते. गेले आठ दिवस त्यांनी रंग पाहिला, तारे पाहिले, पाण्याचा नळ कुठे बसेल ते पाहिलं. हे पाहिलं नव्हतं.

"वाळत घालायचे, घड्या करायच्या, ते आहेच की," त्या म्हणाल्या.

"त्याचे किती द्याल?"

"पाचशे?"

"आणि वरचे चारशे?"

"ते विजेत वाचणार नाहीत," बाहेरच्या खोलीतून काका म्हणाले. या खेपेला ते गप्प राहिले नव्हते. "मी हिशेब केलाय. मशीन जुनं असो की नवं, बिलात फारसा फरक नाही. चारशे वाचतायत ते सुमनच्याच पगारातले."

काकूंनी दाराकडे एकदा रोखून पाहिलं. मग गॅस बारीक केला आणि स्टूल पुढे ओढलं. "बस. तूच सांग काय करायचं ते."

सुमन बसली नाही, ओट्याला टेकली. "सकाळचा स्वयंपाक तुम्हाला आता उभ्यानं होत नाही. पोळ्या मी करते. पोळ्यांचे सगळीकडे हजार-बाराशे आहेत, मी नऊशे घेईन. घड्या वेगळ्या."

"घड्या फुकट."

"तीनशे."

"दोनशे."

"दोनशे चालतील," सुमन म्हणाली. "पण त्याआधी दिवाळीचा निम्मा बोनस राहिलाय, तो."

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. "किती होता?"

"पावणेदोन हजार. त्यातून डिसेंबरातली हजाराची उचल वळती करा."

"आणि टेम्पोचे सहाशे?" काकांचा आवाज आला.

"ते मी विसरले होते," सुमन म्हणाली. "लिहा, काका."